धडधड, धाप आणि साखर

(गणेशोत्सवातील आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला बोलावले तेव्हा चिटणीसांनी सांगितले होते, "डॉक्टर, हृदयरोगावर बोला, पण लोक घाबरतील असे नको." मी त्यांना म्हटले की मी हृदयाच्या धडधडीवर बोलते, पण त्यात हृदयाचा दोष नसण्याचीच शक्यता अधिक असेल. त्यांना ते पटले. म्हणून आजचा विषय असा आहे : अचानक छाती धडधडू लागते, श्वास भरभर चालतो, हात थरथरतात, तेव्हा तो हृदयाचा त्रास समजावा, मनाचा समजावा, की रक्तातील साखर कमी झाली असे समजावे?

मी गेली अठ्ठावीस वर्षे या गावात वैद्यकीय व्यवसाय करते. भाद्रपदाच्या या दिवसांत ही तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. कारणे उघड आहेत. हरितालिकेचा उपवास, पहाटेपासूनची धावपळ, जागरण, जेवणाच्या बदललेल्या वेळा आणि नेहमीच्या वेळीच घेतलेल्या गोळ्या.

प्रथम दोन रुग्णांविषयी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पहिला सतरा वर्षांचा मुलगा. प्रवेश परीक्षेच्या शिकवणीसाठी आपल्या भिलाईत राहणारा. चाचणी परीक्षेच्या दिवशी त्याचे हृदय धडधडू लागायचे, श्वास लागायचा, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या यायच्या. एकदा तर बोटे आखडून वाकडी झाली. मित्रांनी ग्लुकोजचे पाणी पाजले आणि अर्ध्या तासात बरे वाटले. निदान मित्रांनीच केले : "तुझी शुगर लो होते." तेव्हापासून त्याच्या दप्तरात ग्लुकोजचा डबा आला. दिवसातून तीन-तीन वेळा ते पाणी पिऊन वजन वाढले, पण धडधड काही थांबली नाही.

दुसऱ्या एकसष्ट वर्षांच्या काकू. मधुमेहासाठी नऊ वर्षे गोळ्या चालू. दोन महिन्यांपासून सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास त्यांना अचानक धडधड व्हायची, दरदरून घाम फुटायचा, धाप लागायची आणि चिडचिड व्हायची. एका रुग्णालयात त्यांचा ईसीजी काढला, तो ठीक निघाला. "टेन्शन घेऊ नका," असे सांगून झोपेची गोळी दिली. घरी हळूहळू असे बोलले जाऊ लागले की आईच्या मनाविरुद्ध काही झाले की आईला धडधडते. कुणी वाईट हेतूने बोलत नव्हते. पण दोन महिने त्या बाई स्वतःच्या घरात नाटकी ठरल्या होत्या, आणि शेवटी शेवटी त्यांनाही तसेच वाटू लागले होते.

मी दोघांनाही एकच गोष्ट सांगितली. त्रास होत असतानाच, काही खाण्यापिण्याच्या आधी, ग्लुकोमीटरवर साखर मोजा आणि आकडा वेळेसह लिहून ठेवा. मुलाने तीन वेळा मोजली. आकडे आले ९२, १०४ आणि ८८. तिन्ही अगदी व्यवस्थित. काकूंनी पहिल्याच वेळी मोजली, आकडा आला ४८.

म्हणजे ज्याला सगळे साखरेचा त्रास म्हणत होते त्याचा त्रास श्वासाचा होता, आणि जिला सगळे मनाचा त्रास म्हणत होते तिचा त्रास साखरेचा होता. लक्षणे जवळजवळ सारखीच. नुसत्या लक्षणांवरून मलाही खात्रीने सांगता आले नसते. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच : आधी मोजा, मग नाव द्या.

आता हे असे का होते ते पाहू.

निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी फिरत असलेली साखर किती असेल? उपाशीपोटी शंभर मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम हे प्रमाण धरले, तर पाच लिटर रक्तात ती पाच ग्रॅमच्या आतबाहेर भरते. चहाचा एक चमचा, बस्स! आणि एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर वापरतो. मेंदूजवळ स्वतःचा साठा जवळपास नाहीच. त्यामुळे घरातल्या पाण्याच्या टाकीसारखी ही पातळी सतत सांभाळावी लागते. ही टाकी भरणारा मुख्य अवयव म्हणजे यकृत. यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. हा पदार्थ क्लॉड बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये वेगळा काढून दाखवला. मोठ्या माणसाच्या यकृतात हा साठा साधारण १०० ग्रॅम असतो. तो संपत आला की यकृत प्रथिनांच्या घटकांपासूनही साखर तयार करते. म्हणूनच निरोगी माणसाने एक दिवस उपवास केला तरी त्याची साखर सहसा धोक्याच्या पातळीखाली जात नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

साखर खाली येऊ लागली की शरीर टप्प्याटप्प्याने प्रतिकार करते. ८०च्या आसपास आली की स्वादुपिंड इन्सुलिन कमी करते. ६५-७० च्या सुमारास ग्लुकॅगॉन आणि ॲड्रेनॅलिन ही संप्रेरके रक्तात उतरतात. ॲड्रेनॅलिन यकृताला सांगते, "साठा सोड!" पण ते यकृतापुरते थांबत नाही. ते हृदयाला पळवते, हात थरथरवते, श्वास वाढवते. त्याच वेळी मज्जातंतूंच्या संदेशाने घाम फुटतो आणि भूक लागते. म्हणजे धडधड हा स्वतंत्र रोग नसून शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा आहे. ही लक्षणे बहुतेकांना ५५-६० च्या सुमारास स्पष्ट जाणवतात. त्याहून खाली, ५० च्या आत गेली की मेंदूच उपाशी राहतो. मग बोलणे अडखळते, माणूस भलतेच बोलतो, विनाकारण चिडतो, झिंगल्यासारखा चालतो आणि पुढे झटके किंवा बेशुद्धी येऊ शकते.

आता दुसरी बाजू, श्वासाची. भीती, चिंता, राग, परीक्षा, दुःखाची बातमी यांपैकी कशानेही तेच ॲड्रेनॅलिन वाढते. घंटा तीच, फक्त वाजवणारा वेगळा. माणूस भरभर श्वास घेऊ लागतो. आपल्याला वाटते, जास्त श्वास म्हणजे जास्त प्राणवायू, म्हणजे चांगलेच. पण रक्तात प्राणवायू आधीच जवळजवळ भरलेला असतो, तो फारसा वाढत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. तो कमी झाला की रक्ताची आम्लता घटते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते, डोके हलके होते. रक्तातील मोकळे कॅल्शियम तात्पुरते कमी होते, त्यामुळे ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, बोटे आखडतात. आणि गंमत अशी की इतका श्वास घेऊनही "श्वास पुरत नाही" असेच वाटत राहते. म्हणून माणूस आणखी जोरात श्वास घेतो आणि चक्र चालू राहते.

मग त्या मुलाला ग्लुकोजच्या पाण्याने बरे का वाटत होते? अशी भीतीची लाट बहुधा वीस-तीस मिनिटांत आपोआप ओसरते. शिवाय पाणी पिताना प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबवावाच लागतो, त्यामुळे श्वासाची गतीही मंदावते. श्रेय मात्र ग्लुकोजला मिळाले.

या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतातही. साखर खरोखरच कमी झाली की धडधडीने माणूस घाबरतो आणि घाबरून भरभर श्वास घेऊ लागतो. दुसरीकडे, उपाशीपोटी भरभर श्वास घेतल्याचा परिणाम मेंदूवर अधिक दिसतो. मेंदूचा विद्युत आलेख म्हणजे ईईजी काढताना रुग्णाला तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला लावतात. रुग्ण उपाशी असेल तर आलेखातले बदल जास्त ठळक येतात, म्हणून त्याला खाऊन यायला सांगतात. त्यामुळे सकाळी नुसत्या चहावर धावपळ करणाऱ्याला मधुमेह नसला, साखर प्रत्यक्षात कमी झाली नसली, तरी घाबरल्यावर चक्कर लवकर येऊ शकते. त्याने न्याहारी करावी हे बरोबरच, पण त्याला "लो शुगर" हे नाव देणे बरोबर नाही.

ते नाव कधी द्यावे? अमेरिकेतील शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये यासाठी तीन अटी सांगितल्या. त्या आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवल्या जातात. पहिली, साखर कमी झाल्याची लक्षणे असावीत. दुसरी, त्याच वेळी मोजलेली साखर खरोखर कमी असावी. तिसरी, साखर वाढवल्यावर लक्षणे जावीत. तिन्ही जुळल्या तरच साखरेचे नाव घ्यायचे. आज मधुमेहाच्या रुग्णासाठी ७० च्या खाली आकडा म्हणजे सावध होऊन उपाय करण्याची वेळ, आणि ५४ च्या खाली म्हणजे गंभीर धोका, असे मानतात. मधुमेह नसलेल्यांत ५५ च्या खाली आकडा आणि सोबत लक्षणे असतील तर कारण शोधावेच लागते. तसे रुग्ण फार थोडे असतात, पण असतात.

आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या सभागृहातही बरेच मधुमेही असतील. पण त्या सर्वांनाच साखर एकदम उतरण्याचा धोका सारखा नसतो. तो मुख्यतः औषधावर अवलंबून असतो. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणारे यांना धोका जास्त. या गोळ्या, तुम्ही जेवला आहात की नाही हे न पाहता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना धोका फार कमी. घरी गेल्यावर आपल्या गोळीच्या पाकिटावर औषधाचे नाव छापलेले असते, ते चष्मा लावून वाचा. एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधेही असतात.

काकूंच्या गोळीत ग्लिमेपिराइड होते. मग नऊ वर्षे काही झाले नाही, आणि आताच का? तपासणीत दिसले की त्यांच्या मूत्रपिंडांचे काम मंदावले होते. औषध शरीरातून पूर्वीच्या वेगाने बाहेर पडत नव्हते. त्यात गोळी सकाळी साडेसातला, आणि पूजा आटोपून न्याहारी साडेदहाला. डोस बदलला, न्याहारी आणि गोळी यांची गाठ घालून दिली, आणि त्रास थांबला. झोपेची गोळीही सुटली. त्यांच्या मुलाने मला नंतर सांगितले, "आईची माफी मागितली." औषधाइतकेच ते वाक्य महत्त्वाचे होते असे मला वाटते.

आणखी तीन-चार परिस्थितींत सावध राहावे. कारखान्यातल्या मंडळींसाठी पहिली : पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, पण गोळी जुन्याच वेळेला घेतली जाते. रात्रपाळीच्या आठवड्यात औषध कधी घ्यायचे हे डॉक्टरांना वेगळे विचारून घ्या. दुसरी : नेहमीपेक्षा जास्त श्रम. विसर्जनाच्या मिरवणुकीत चार तास नाचणे हा व्यायामच आहे! तिसरी : मद्य. रिकाम्या पोटी घेतलेले मद्य यकृताला नवी साखर तयार करू देत नाही, आणि वर तोंडाला वास येत असल्याने "चढली आहे" म्हणून लोक दुर्लक्ष करतात. चौथी : रात्रीची झोप. घामाने भिजलेले कपडे, वाईट स्वप्ने, सकाळी डोके दुखणे, ही झोपेत साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात.

एक फार महत्त्वाची गोष्ट. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, चालू असेल तर साखर उतरूनही धडधड आणि थरथर जाणवणार नाही. घंटेचा आवाजच दाबला जातो. घाम मात्र तरीही येतो. अनेक वर्षांच्या मधुमेहातही, वारंवार साखर उतरत राहिली की ही घंटा वाजेनाशी होते. अशा माणसाला आधीची कोणतीच सूचना न मिळता एकदम भ्रम होतो. म्हणून कारण नसताना घाम आणि विचित्र वागणे, एवढे दिसले तरी मोजा. याउलट, ज्याची साखर महिनोन्महिने ३०० असते त्याची ११० वर आली तरी शरीर घाबरून घंटा वाजवते. त्यालाही आकडा पाहिल्याशिवाय साखर खायला घालू नये.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते.

माणसाला बसवा. बोट पाण्याने धुऊन, पुसून मग मोजा. हे "धुऊन" या दिवसांत फार महत्त्वाचे. बोटाला मोदकाचा गूळ किंवा पंचामृत लागलेले असेल तर ४८ चे १८० दिसू शकतात!

आकडा ७० च्या खाली असेल, किंवा माणूस मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन घेणारा असून यंत्र जवळ नसेल, तर थांबू नका. १५ ग्रॅम साखर द्या, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे भरून पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा द्या. आकडा वर आल्यावर पोळी, भात, दूध असे काहीतरी खायला द्या, नाहीतर साखर पुन्हा उतरेल. मोदक, पेढा, चॉकलेट ही गोड असली तरी या वेळची औषधे नव्हेत, कारण त्यांतल्या खोबऱ्याने, खव्याने, तुपाने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. खिरापत दिल्यास बाप्पा प्रसन्न होतील, रुग्णाला उशीर होईल. आणि अकार्बोज किंवा व्होग्लिबोज हे औषध चालू असेल तर साध्या साखरेऐवजी ग्लुकोजची पावडरच द्यावी, कारण ही औषधे साध्या साखरेचे पचन रोखून धरतात.

माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर एकदा फार उतरली असेल तर शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवू नका. त्या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. रुग्णालयात देखरेख हवी.

आकडा व्यवस्थित आला तर? तर साखर देऊ नका, आणि "काही नाही, मनाचं आहे" असेही म्हणू नका. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, ओठ निळसर, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणे, यांपैकी काही असेल तर सरळ रुग्णालय गाठा. मधुमेहींना हृदयविकाराचा झटका वेदनेशिवायही येऊ शकतो, त्यामुळे नुसती धाप आणि घाम असला तरी वेळ घालवू नये. साखर देऊन आकडा वर आला पण त्रास कमी झाला नाही, तरी हाच नियम. आकडा फार वर, ३०० च्या पलीकडे असेल आणि श्वास खोल व जोराचा चालत असेल, उलट्या होत असतील, तोंडाला फळासारखा वास येत असेल, तर ती अगदी उलट अवस्था आहे. त्यात रक्तात आम्ल साचलेले असते आणि श्वास ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी धडपडत असतो. तेथे साखर देणे घातक, इस्पितळ हाच उपाय.

यांपैकी काही नसेल आणि हा प्रकार वारंवार होत असेल, तर तपासण्या करून घ्याव्यात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, त्रासाच्या वेळचा ईसीजी. आपल्या बायकांत रक्त कमी असल्याने धडधडणारी हृदये मी फार पाहिली आहेत. हे सगळे ठीक निघाले तर श्वासाकडे वळावे. त्या मुलाला मी श्वास मोजायला शिकवले : चार अंक मोजेपर्यंत नाकाने आत, सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर, असे पाच मिनिटे. त्रास नसताना रोज दोनदा, म्हणजे वेळेवर जमते. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची पूर्वीची पद्धत आता सुचवली जात नाही, कारण त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असला तर तिने जीवावर बेतू शकते. त्या मुलाला समुपदेशकाकडेही पाठवले. त्याने मला विचारले, "म्हणजे मला खरं काही झालेलं नाही?" मी सांगितले, "बोटं आखडली ती खरीच. धडधडलं तेही खरंच. फक्त कारण दुसरं आहे आणि त्यावर उपाय आहे." मनातून सुरू झालेला त्रासही शरीरालाच होतो, तो खोटा नसतो.

आता भगिनींसाठी, विशेष.

आपली हरितालिका आणि इथल्या छत्तीसगढी शेजारणींची तीजा एकाच दिवशी येते. त्या तीजेच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाऊन, "करू भात" करून, दुसऱ्या दिवशी निर्जळी उपवास करतात. आपल्याकडेही कित्येक घरांत हरितालिका निर्जळीच असते. मघाशी मी सांगितले की निरोगी बाईची साखर एका दिवसाच्या उपवासाने सहसा धोकादायक उतरत नाही. तिला दुपारी धडधडले तर बहुधा पाण्याची कमतरता, जागरण आणि सकाळचा न मिळालेला चहा हीच कारणे असतात. आडवे व्हावे, पाणी प्यावे.

पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. मला भीती वाटते ती उपवास करणाऱ्यांची नाही, न सांगता उपवास करणाऱ्यांची. कित्येक बायका सकाळची गोळी "चुकायला नको" म्हणून घोटभर पाण्यासोबत घेतात आणि दिवसभर काही खात नाहीत. दुपारी धडधडू लागले तर कुणाला सांगत नाहीत, कारण सांगितले तर उपवास मोडायला लावतील. यातून गंभीर प्रसंग ओढवू शकतो. अशा भगिनींनी निर्जळी उपवास करू नये असेच मी सांगेन. फराळाचा उपवास करायचा असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून त्या दिवशीची मात्रा ठरवून घ्यावी, आपल्या मनाने गोळी कमी-जास्त करू नये. दिवसातून तीन-चार वेळा मोजावे आणि आकडा ७० च्या खाली दिसला की त्या क्षणी साखर घ्यावी.

"मग व्रत मोडेल," असे काही जणी म्हणतील. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. पण धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टींची यादी दिलेली आहे, आणि तीत पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध ही सगळी आहेत. ज्यांनी व्रते घालून दिली त्यांना आजारी माणसाची काळजी होती. तीन चमचे साखर त्या वेळी औषधच आहे. आणि पुरुषमंडळींना विनंती, हे व्रत ज्यांच्यासाठी केले जाते ते तुम्हीच आहात. त्या दिवशी निदान दोन वेळा "बरं वाटतंय ना?" असे विचारा, आणि मोजण्याचे यंत्र स्वतः आणून द्या.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली त्या सुमारास नागपूर-अमरावतीकडून इथे आले. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात. घरात दोघेच, किंवा एकच. अशा घरी धडधड झाली तर आकडा वाचणारे दुसरे कोण असणार? शेजारीच. म्हणून मंडळाला माझ्या तीन सूचना आहेत. मंडपातल्या प्रथमोपचार पेटीत एक ग्लुकोमीटर, मुदत न संपलेल्या पट्ट्या आणि ग्लुकोजची पुडी ठेवावी. स्वयंसेवकांपैकी चौघांनी मोजायला शिकून घ्यावे, उद्या आरतीनंतर मी अर्ध्या तासात शिकवते. आणि प्रत्येक मधुमेही सभासदाने खिशात किंवा पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवावी : मला मधुमेह आहे, ही औषधे घेतो, या नंबरावर कळवा. सोबत साखरेची पुडी.

आता प्रश्न असतील तर अवश्य विचारा. आणि हो, पहिल्या रांगेतल्या काकांनी मघापासून दोनदा घाम पुसला आहे. पंखा बंद आहे म्हणून असेल, पण माझ्या पर्समध्ये यंत्र आहे. काका, हात धुऊन जरा पुढे या, म्हणजे सगळ्यांना प्रात्यक्षिकही पाहता येईल.

गणपती बाप्पा मोरया!